बावन्न बाइट

शुक्रवारी दुपारी ताईंनी दार बंद केलं आणि त्याबद्दल त्यांना गुलाबी कागदावर छापलेली शाबासकी मिळाली. त्या कागदाला चौकट करायची की नाही, हे ठरायच्या आतच मंगळवार उजाडला.

दार संगणकातलं होतं. इस्पितळातल्या प्रत्येक रोग्याची एक फाइल असे. नाव, वय, रक्तगट, सगळं तीत लिहिलेलं. फक्त ‘कोणतं औषध चालत नाही’ या रकान्यात मजकुराऐवजी पत्ता असे: अमक्या यंत्रावरची तमकी फाइल पाहा. ही व्यवस्था पंचवीस वर्षांपूर्वी काकांनी लावली होती. काका म्हणजे ताईंच्या आधीचे संगणक विभागप्रमुख, आता निवृत्त. नर्सनं एका जागी दुरुस्ती केली की ती सगळीकडे दिसावी, एवढाच त्यांचा हेतू. फाइल वाचणारा प्रोग्राम, ज्याला या धंद्यात पार्सर म्हणतात, वाचता वाचता पत्ता लागला की उठून जाई, मजकूर आणी आणि जागेवर चिकटवून पुढे वाचू लागे. इतका आज्ञाधारक प्राणी साऱ्या इस्पितळात दुसरा नव्हता.

मग सुरक्षेचे तपासनीस आले. त्यांनी एक खोटी फाइल केली, तीत पासवर्डांच्या फाइलीचा पत्ता लिहिला, आणि पार्सरनं इमानेइतबारे सगळे पासवर्ड आणून त्यांच्या पुढ्यात ठेवले. “याला कोणीही काहीही आणायला पाठवू शकतो,” तपासनीस म्हणाले. इस्पितळाचे साहेब पांढरेफटक पडले. शुक्रवारी ताईंनी एक ओळ लिहिली: बाहेरून काही आणायचं नाही.

ओळ बरोबर होती. ताईंचं चुकलं ते एवढंच, की आणायला मनाई केली तर पार्सर आरडाओरडा करील, असं त्या धरून चालल्या. तो करत नाही. मुरलेल्या कारकुनासारखा तो जागा कोरी सोडतो आणि पुढच्या ओळीला लागतो. आणि कोरी जागा पडद्यावर बरी दिसत नाही म्हणून साहेबांनी गेल्या वर्षीच सूचना काढली होती: रकाना रिकामा असेल तर तिथे ‘काही नाही’ असं छापावं.

मंगळवारी सकाळी दहा चाळीसला, तळघरातल्या आपल्या खुर्चीत चहाचा पहिला घोट घेताना, ताईंनी चाचणीचा रोगी उघडला. हा रोगी खोटा. काकांनी गंमत म्हणून त्याला जगातलं एकही औषध चालत नाही असं लिहून ठेवलं होतं. त्याचा रकाना दीड पान भरे. आज तिथे लिहिलं होतं: काही नाही.

घोट तोंडातच राहिला.

शुक्रवार दुपार ते मंगळवार सकाळ. छापलेली प्रत्येक फाइल. ताईंनी आजच्या शस्त्रक्रियांची यादी काढली. सात नावं. सहा जण धडधाकट शुद्धीत. त्यांना डॉक्टर तोंडी विचारतातच, आणि लोक आपल्या दुखण्यांबद्दल विचारलं नाही तरी सांगतात. सातवं नाव टेबल तीनवर, वेळ सव्वाअकरा. वृद्धाश्रमातून आणलेल्या एक आजी. खुब्याचं हाड मोडलेलं. शेरा: स्मृती गेलेली, बोलत नाहीत, नातेवाईक नाहीत. या बाईच्या वतीनं बोलणारं जगात काही उरलं असेल तर ती फाइल. आणि तिला ताईंनी शुक्रवारी गप्प केलं होतं.

त्यांनी साहेबांना फोन लावला.

“दार उघडायचंय, साहेब. आत्ता.”

“बाई, शुक्रवारी तर बंद केलंत. उघडायला नमुना सात, तीन सह्या. तपासनीसांची एक, माझी एक—”

“तुमची द्या की.”

“मी शेवटची करतो. तसा क्रम आहे.”

ताईंनी फोन ठेवला आणि स्वतःच्या यंत्रापुरतं, कुणालाही न विचारता, दार उघडलं. आजींची फाइल पार्सरपुढे टाकली. तो निघाला, पोचला आणि तिथेच बसला: अवैध अक्षर, वाचन थांबवले आहे. म्हणजे फाइल आहे, पण वर्षानुवर्षं कुणी न उघडलेली आणि जुन्या कुठल्यातरी अक्षरसारणीत लिहिलेली. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, हे ठरवणारा तक्ता म्हणजे सारणी. आणि कुठला तक्ता वापरला हे फाइलीच्या डोक्यावर लिहायचं असतं. इथे डोकं बोडकं होतं. ताईंनी फाइल तशीच उघडली. पडद्यावर कोंबडीनं शाईत पाय बुडवून फेरफटका मारावा तसा मजकूर. खाली आकार: बावन्न बाइट, म्हणजे जेमतेम एक ओळ.

दहा पंचावन्न. त्यांनी ऑपरेशन थिएटरला फोन केला. सिस्टरनं तो गुंगी देणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या कानाला धरला.

“बोला पटकन, हात धुतलेत माझे.”

“टेबल तीनच्या आजींच्या कागदावर ‘काही नाही’ आहे ना, ते खोटं आहे. त्यांना काहीतरी चालत नाही.”

“काहीतरी म्हणजे काय?”

“ते वाचता येत नाहीये. पण लिहिलंय. काही नसतं तर फाइल शून्य असती. बावन्न बाइट आहेत.”

“बावन्न काय? ताई, मी औषध टोचते, बाइट नाही.”

“थांबता येईल का?”

“तीन दिवस हाड मोडून पडल्यात, छाती भरायला लागलीय. आज नाही केलं तर हाडाची गरजच उरायची नाही.” पलीकडे थोडा विचार झाला. “औषधाचं वावडं असणाऱ्या दहांतल्या आठांना पेनिसिलिनचंच असतं. कापण्याआधी जंतू मारायला देतो ते आमचं नेहमीचं त्याच भावकीतलं. ते रद्द. क्लिंडामायसिन देते. झालं समाधान?”

“झालं,” ताई म्हणाल्या, कारण समोरून तसंच विचारलं होतं.

फोन ठेवल्यावर त्यांना खरंच अर्धा मिनिट बरं वाटलं. मग त्यांनी हिशेब केला. दहांतले दोन उरत होते. आपण काही बोललो नसतो तर डॉक्टरांनी नेहमीचं दिलं असतं. आता दुसरं देणार, ते आपल्या सांगण्यावरून, आणि आपण तर काहीच सांगितलेलं नाही.

यादीत साठ-सत्तर सारण्या होत्या. अकरा लावून झाल्या. कोंबडी प्रत्येक वेळी नव्या दिशेनं चालत गेली. अकरा वाजून दोन मिनिटांनी त्यांनी काकांना फोन लावला.

“अगं पोरी! किती दिवसांनी! गुडघ्याचं विचारशील तर—”

“काका, औषधांच्या फाइली कुठल्या सारणीत?”

“लिहिलेलं नाही का वर?”

“नाही!”

“बरोबर. आम्ही लिहायचो नाही. सगळ्यांना माहीतच असायचं.”

“सगळे म्हणजे कोण?”

“मी,” काका म्हणाले. “आणि दोघी टायपिस्ट. एक ठेंगणी, एक उंच. दोघींचं एकमेकींशी पटायचं नाही. ठेंगणी सोम ते बुध, उंच गुरू ते शनि, म्हणजे तोंड बघायला नको. ठेंगणी पडद्याच्या यंत्रावर बसायची. उंच म्हणायची, तिनं हात लावलेल्या कळफलकाला मी हात लावणार नाही. ती खाली मोठ्या यंत्रावर. तिचा आवाज काय होता माहितीये—”

“काका, अकरा वाजून चार झालेत!”

“तारीख बघ मग फाइलीची. वार कुठला?”

ताईंनी तारीख बघितली, कॅलेंडर उलटं फिरवत नेलं. एकोणीस वर्षांपूर्वीचा शुक्रवार.

“उंच,” काका म्हणाले. “मोठ्या यंत्राची सारणी लाव. तिच्या चार आवृत्त्या असतील. कुठली ते मला—”

ताईंनी फोन टेबलावर आडवा ठेवला. पहिली: कोंबडी. दुसरी: कोंबडी, पण मधेच एक ‘नको’. तिसरी लावली आणि पडदा एकदम माणसात आला.

‘क्लिंडामायसिन नको. गांधी, घसा सुजला, श्वास कोंडला.’

अकरा वाजून आठ. थिएटरचा फोन वाजत राहिला. हात धुतलेली माणसं फोन उचलत नाहीत. लिफ्ट चौथ्या मजल्यावर, आणि तिच्या दारात कुणीतरी कपाट आडवं घालून दोघांशी चर्चा करत होतं. ताई जिन्यानं निघाल्या. पन्नाशी, सपाता, चार मजले. दुसऱ्या मजल्यावर एक सपात गेली. तिसऱ्यावर साहेब भेटले, हातात नमुना सात.

“बाई, यात तुम्ही कारण लिहायचं—”

“सरका,” ताई म्हणाल्या. सतरा वर्षांच्या नोकरीत हा शब्द त्यांनी साहेबांना प्रथमच वापरला. साहेब सरकले.

थिएटरच्या दारावर ‘निर्जंतुक, प्रवेश बंद’ असं लिहिलं होतं. ताईंनी ते ढकललं. सलाईनच्या नळीला सुई लागलेली होती. डॉक्टरीणबाईंचा अंगठा दट्ट्यावर.

“क्लिंडा नको!”

अंगठा थांबला. सिस्टर किंचाळली ती ताईंच्या अनवाणी पायाकडे बघून.

“आत्ता तर म्हणालात समाधान झालं,” गुंगीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“तेव्हा वाचलं नव्हतं. आता वाचलंय. अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वास कोंडतो. नेहमीचं चालेल. त्याबद्दल काही लिहिलेलं नाही.”

“नक्की? का पुन्हा नुसतेच बाइट?”

“सगळे बावन्न वाचलेत.”

डॉक्टरीणबाईंनी सुई काढली, ट्रेमध्ये टाकली आणि सिस्टरला म्हणाल्या, “नेहमीचं भर. यांना बाहेर काढ. आणि जमीन पूस.”

बाहेरच्या बाकावर ताई पावणेदोन तास बसल्या. सिस्टर दाराशी आली, “झालं. श्वास छान चाललाय,” म्हणाली आणि गेली.

चार दिवसांनी साहेबांचा अहवाल आला. त्यात नमूद होतं की ‘काही नाही’ या छापील नोंदीनुसार उपचार झाले असते तर रोग्यास नेहमीचे औषध मिळून कोणताही अपाय झाला नसता. धोका केवळ संगणक विभागाच्या दूरध्वनीमुळे उद्भवला. सबब दार बंद ठेवण्याचा निर्णय योग्य होता. खाली ताईंच्या सहीसाठी जागा. ताईंनी अहवाल दोनदा वाचला. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

त्यांनी सही केली नाही. त्या जागी लिहिलं: ‘ही एक फाइल झाली. अशा चार हजार एकशे बारा आहेत. त्यांतली तीनशे सहा माणसं स्वतः बोलू शकत नाहीत.’ मग पार्सरला नवी ओळ दिली: फक्त औषधांच्या यंत्रावरूनच आणायचं, दुसरीकडून नाही, आणता आलं नाही तर तिथेच थांबून बोंब मारायची.

बोंब लगेच सुरू झाली. ताईंनी पहिल्या फाइलीची तारीख बघितली. मंगळवार. म्हणजे ठेंगणी.