उजव्या हाताचं दळण

हिंदुरावाचा उजवा खांदा कानाला टेकायला आला होता. मान वळेना, बोटांना मुंग्या येत आणि कापडगिरणीत साच्यावर तुटलेला धागा जोडताना हात थरथरे. डॉक्टरनं गुडघ्यावर हातोडी ठोकली, डोळ्यांत बत्ती धरली, औषधाची बाटली दिली आणि सांगितलं, "मज्जातंतूंचा रोग. अर्धांगाची सुरुवात आहे."

झालं! चाळीत जो तो वैद्य झाला. कुणी लसणीचं तेल आणलं, कुणी पारव्याच्या रक्तानं चोळायला सांगितलं. शेजारची सुंदरम्मा रोज दारातून विचारी, "आज पाय चालतोय ना?"

"पायाला काय धाड भरलीया? दुखतोय त्यो खांदा!" तो खेकसे.

बायको गेल्यापासून लहानग्या लेकीला, लीलाला, चक्कीच्या पिठाची भाकर घशाखाली उतरेना. म्हणून पहाटे दार लावून तो तिच्या आईच्या जात्यावर दळत असे. दोघींनी ओढायचा दगड एकटा ओढी. गडी दळतो म्हटल्यावर सारी गिरणी हसली असती. म्हणून डॉक्टरनं जड कामाचं विचारलं, तेव्हा तो सरळ 'न्हाय' म्हणाला होता.

बातमी सासुरवाडीला, माढ्याला पोचली आणि सासू गोजरबाई लीलाला न्यायला आली.

"उद्या तुमीच अंथरुणाला खिळलात तर लेकराला कोण बघंल, जावईबापू?"

"मी खिळत न्हाय, मामी. तिला न्हेऊ नका."

"मग डाक्टर काय खोटं बोलतो व्हय?"

त्यानं लीलाचं गाठोडं बांधायला घेतलं. पहाटे तो लीलाच्या वाटेवरच्या भाकरीसाठी दळायला बसला. घरघर ऐकून गोजरबाई उठून आली. जावई तिरका बसलेला, दात आवळलेले, खांदा कानाशी, उजव्या मुठीत खुंटा.

"अगं बया! रोज ह्योच हात?"

"मग? हात पालटायचा आसतो हे मला काय ठावं!"

"आन् डाक्टरला सांगितलं न्हाई?"

तो भडकला. "समद्यांनी तेल आणलं, रगत आणलं. घरात पीठ कुटनं येतं, हे एकानं तरी इचारलं का?"

गोजरबाई समोर बसली. लेकीकडं आली की ती अशीच बसायची. तिनं खुंट्याला हात घातला. "खांदा सोडा आधी. दगड काय पळून जातोय?"

तो सोडू गेला, सुटेना.

ती राहिली. दोघं मिळून, हात पालटत दळू लागली. हळूहळू खांदा उतरला, थरथर गेली. डॉक्टर म्हणाला, "बघा, औषध लागू पडलं." बाटलीचं बूचही निघालं नव्हतं. पण ते बोलायचं तर जात्याचं सांगावं लागलं असतं. "व्हय सायेब," हिंदुराव म्हणाला.

गोजरबाई एकटीच माढ्याला निघाली. चाळीच्या मधोमध उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "आमचं जावई दळत्यात! हसायचं आसंल त्यानं येऊन दोन फेरं वडावं!"

हिंदुराव कपाळाला हात लावून आत गेला. लीला चुलीपुढं ताट घेऊन बसली होती.