वर केलेला हात

"वाती वळताना मी बोलत न्हाई. कळलं न्हाई तर हात वर करीन. हात दिसला की मागं फिरायचं, पुन्हा सांगायचं."

रंगुमावशींचं हे सांगणं वृषालीच्या कानात अजून तसंच होतं. पारनेरहून ती नगरच्या लॉ कॉलेजात करार कायदा शिकवायला आली, तेव्हा आडनाव ऐकून बऱ्याच घरमालकांची खोली नेमकी कालच गेलेली असायची. मावशींनी एवढंच विचारलं, रात्री दिवा कितीला मालवतेस? आणि घरातली खोली दिली.

तिच्या पीएचडीच्या प्रबंधाचा विषय होता फ्रँचायझीचे करार. त्र्याण्णव साल ते, शब्दच नवा. पुण्याच्या मार्गदर्शक सरांनी तिसरं प्रकरण दोनदा परत पाठवलं. हे तुमच्याशिवाय कुणाला कळेल, असा शेरा मारून. प्रबंध अडला की नोकरी कायम होणं अडलं. ती हिरमुसून ओसरीवर बसली, तेव्हा मावशींनी तिला सगळं मराठीत सांगायला लावलं होतं.

चातुर्मासाचा नेम म्हणून मावशी देवाच्या वाती मुक्यानं वळत. पहिल्याच वाक्याला हात वर गेला, चिमटीत कापूस तसाच. वृषालीनं वाक्य फोडून सांगितलं. कंपनीचं नाव आपल्या दुकानावर लावायचं, त्यांच्याच रीतीनं माल विकायचा आणि त्याबद्दल त्यांना वाटा द्यायचा. हात खाली आला. तेच साधेपण तिनं इंग्रजीत उतरवलं. मग रोज संध्याकाळी हेच. प्राचार्यांच्या कानावर गेलं तर म्हणाले, "मॅडम, पीएचडी चाललीय की पोथी लावलीय?" तिला त्याचा राग आला नाही. पोथीला इतकी मन लावून ऐकणारी तरी कुठं मिळते?

प्रबंध मंजूर झाला, पाठोपाठ नोकरीही कायम झाली. पेढे घेऊन ती आली तेव्हा पुढचा चातुर्मास लागला होता आणि मावशी वातींपाशीच होत्या. नुसत्या पेढ्यांवर हे ऋण भागवणं तिच्या मनाला पटेना.

"मावशी, मोबदल्यावाचून दिलेलं वचन कायदा धरत नाही. पण कलम पंचवीसमध्ये एक अपवाद आहे."

हात वर गेला.

"म्हणजे, तुम्ही माझ्यासाठी आपणहून केलंत. त्याची फेड म्हणून मी आता शब्द दिला, तर तो मला पाळावाच लागेल. मागा काय ते."

हात खाली आला. हातातली वात पुरी करून, कापसाचा डबा झाकून मगच मावशी बोलल्या. "मला काय नको. अकोल्याला माझी भाची हाय, साळू. तयार कपड्यांचं दुकान घालतीया, कुठल्याशा कंपनीच्या नावानं. सोमवारी सही हाय. तिला समदं वाचून सांग. लई भिडस्त हाय ती. न्हाई कळलं तरी हात वर करायची न्हाई, सही करून मोकळी व्हईल."

"मग तिच्या तोंडाकडे बघत वाचीन," वृषाली म्हणाली. "तिला कळेपर्यंत उठणार नाही."

रविवारी उजाडायच्या आत तिनं आपली बुद्धवंदना म्हटली. मावशी देवापुढे बसल्या होत्या. त्यांचा जप मोडू नये म्हणून तिनं चपला हातातच घेतल्या, ओसरी उतरली आणि अकोल्याची गाडी धरायला स्टँडकडे चालू लागली.