खळ्यावरची खूण

स्वयंसेवक नावाचं पीक आमच्या देमनात गावात दणकून उगवतं, फक्त कापणीच्या वेळी हाती लागत नाही. मुलींच्या स्काऊट शिबिराची गोष्ट निघाली तेव्हा छातीवर हात ठेवून "मी आहेच" म्हणणाऱ्यांनी बैठक गाजवली होती. निघायच्या सकाळी एकाच्या मेहुणीचं लग्न निघालं, दुसऱ्याची कंबर धरली, तिसऱ्याने तर फोनच बंद ठेवला. उरलो दोघं. भूगोल शिकवणारी पथकप्रमुख घिझलान, मुलींची 'लल्ला' म्हणजे बाई, आणि मी, बस्सू. तोही माझ्या टेम्पोशिवाय तंबू डोंगर चढत नव्हते म्हणून.

सगळं अडलं होतं सी मोहा खाटकावर. त्याने आपल्या मुलीला, तुद्दाला, पाठवलं म्हणून गल्लीतल्या बाकीच्या बापांनी मुली पाठवल्या. त्याने तिला परत नेलं की सगळ्या जाणार आणि घिझलानचं पथक तिथंच मिटणार. त्याची अट सरळ होती: "शुक्रवारी नमाज झाली की येईन. पोरगी डोळ्यांसमोर दिसली तर राहील."

शुक्रवारी सकाळी घिझलानने माग काढायचा खेळ मांडला. वाटेवर दगडांचे बाण, फांद्यांच्या फुल्या. शेवटची खूण जिथं रस्ता संपतो त्या देवदाराखाली: दगडांचं वर्तुळ आणि मध्ये एक दगड. स्काऊटांच्या भाषेत, 'खेळ संपला, मी घरी गेले.' तिथंच खजुरांची पिशवी घेऊन आम्ही मुलींची वाट बघत बसलो.

मुली आल्याच नाहीत.

"काका, त्यांची शिट्टी ऐकू येतेय का?"

"मला बायकोची हाक ऐकू येत नाही, शिट्टी कुठली?"

ती हसली नाही. ऊन डोक्यावरून कललं. आणि आला तो मोटारसायकलचा आवाज.

"सलाम. तुद्दा कुठंय?"

"आधी दम खा, सी मोहा. खजूर घे."

"खजूर घरीही आहेत. पोरगी कुठंय?"

माझ्या तोंडात एक छानसं खोटं तयार होतं. घिझलानने ते बाहेर पडू दिलं नाही.

"माहीत नाही," ती म्हणाली. "खुणा बघत इथं यायला हव्या होत्या. मी शोधायला निघालेय. चला."

मला वाटलं, हा आता गल्ली ऐकेल असा ओरडणार. पण भ्यालेल्या माणसाला ओरडायलाही सवड नसते. आम्ही उलट्या दिशेने माग काढत उतरलो. तो दर दगडाशी थांबून "तुद्दा!" अशी हाक घाली आणि डोंगर ती तशीच परत करी.

म्हाताऱ्या ह्मादच्या खळ्यापाशी घिझलान एकदम थबकली, आणि मटकन खाली बसून हसायला लागली.

"पोरी हरवल्यात आणि ही हसतेय!" सी मोहा म्हणाला.

"सी मोहा, समोर बघा. काय दिसतंय?"

"खळं. आणखी काय? मळणी कधी पाहिली नाही का?"

"गोल दगड. मधोमध मेढ."

मला उमगायला वेळ लागला. खेचरं बांधायची ती मेढ, भोवती दगडांचं कडं. आमच्या आजोबा-पणजोबांनी गावोगाव हीच खूण मांडून ठेवली होती: खेळ संपला, मी घरी गेले.

सी मोहाचा चेहरा आणखी पांढरा पडला. "घरी? म्हणजे पायी देमनातला? त्या रस्त्याने?"

तो धावलाच. त्याच्यामागे घिझलान, आणि तिच्यामागे लंगडत माझे गुडघे.

ओढ्याकाठी तंबूंपाशी धूर दिसला. साऱ्याजणी चुलीभोवती बसल्या होत्या. तुद्दा कमरेवर हात ठेवून उठली.

"लल्ला, कुठं होतात तुम्ही? खूण करायची घरी गेल्याची, आणि घरी कुणीच नाही! आम्ही किती घाबरलो!"

सी मोहाने तिला जवळ ओढलं, मग दूर धरून नीट न्याहाळलं, बोकड पारखतो तसं.

"घरी गेल्याची खूण होती ना? मग घरी का नाही गेलीस?"

"आलेय की." तिने तंबूकडे बोट केलं. "बाबा, तुम्ही शिबिरात आहात. इथलं घर हेच."

सी मोहाने तिने ओतलेला चहा घेतला, एक घोट प्यायला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर कमी आहे." मग घिझलानकडे वळून म्हणाला, "उद्या त्या खळ्यावर कुणीतरी उभं राहायला हवं. तुम्ही दोघंच, आणि यातला एक लंगडा."

"माणूसच मिळत नाही, सी मोहा," ती म्हणाली.

"मी आहेच," तो म्हणाला.

शब्द ओळखीचे होते, म्हणून मी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. पण तो बाह्या सरसावून बोलला होता, छातीवर हात ठेवून नव्हे. घिझलानने सकाळपासून पहिल्यांदा बूट काढले आणि पाय ओढ्यात सोडले.