दोन चकत्या

हेमचंद्र परबांनी दोन्ही चकत्या एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला दाबून धरल्या. मागून शिवडीच्या बाजूचं ऊन आलं. रेषा दोन होत्या, दिसत होती एकच.

रकाना ४. तपासणीचा तपशील

समुद्रातल्या तेलविहिरीच्या तोंडावर एक अवजड झडप असते. खालून वायू उसळला तर तीच विहीर बंद करते. दर चौदा दिवसांनी तिच्यावर दाब देऊन पाहायचं आणि यंत्राच्या पेनने रेषा ओढलेली कागदाची गोल चकती परबांच्या सरकारी कार्यालयात पाठवायची. विहीर खोदणाऱ्या 'नीलतारा' रिगने तीन तारखेची आणि सतरा तारखेची अशा दोन पाठवल्या होत्या. दोन्हींत पेन एकाच जागी अडखळलं होतं. पेन असं ठरवून अडखळत नाही. म्हणजे सतराला चाचणी झालीच नव्हती; जुन्याच चकतीची नक्कल आली होती.

साहेब म्हणाले होते, कंपनीचे फोन येतायत, दोन चकत्या आहेत ना, मग शेरा मारा. साहेबांनी चकत्या मोजल्या होत्या.

रकाना ७. संबंधित व्यक्ती (असा रकाना फॉर्ममध्ये नाही)

राकेश. भोईवाड्यात परबांच्या शेजारच्या खोलीत राहतो. नीलतारावर कंत्राटी कामगार. रिगला पुढच्या कामाची परवानगी आली की सोमवारी हेलिकॉप्टरने जाणार. बायकोने, नम्रताने, बॅग भरून दाराशी ठेवलेली. परबांचा गुडघा गेल्यापासून, राकेश घरी असला की पहाटे नळ आल्यावर त्यांचं पिंप तोच भरतो आणि दारावर थाप मारून सांगतो, काका, पाणी झालं.

संध्याकाळी गॅलरीत परबांनी त्याला सगळं सांगितलं. राकेश आधी हसला. चाचणीसाठी काम थांबवावं लागतं; सतराला ते थांबवलंच नव्हतं, हे रिगवर सगळ्यांना माहीत होतं.

"काका, तुम्ही रिग बघितलीय तरी का कधी?"

एकोणतीस वर्षांत परबांनी फक्त कागद बघितले होते.

"नाय."

"मग?"

"झडप लागली नाय, तर पयलो कोण असतलो थंय?"

राकेश कठड्यावरचा रंग नखाने खरवडत राहिला.

"काम गेला तरी पयलो मीच असतलंय, काका."

आतून नम्रताने त्याला जेवायला हाक मारली. एरवी ती परबांनाही जेवायचा आग्रह करते.

रकाना ९. शेरा

सतरा तारखेची चाचणी झाल्याचे दिसत नाही. परवानगी देऊ नये. — हे. परब

लेखी शेरा पडल्यावर साहेबांनाही पुढे सही करता येईना. नीलतारावरचं काम थांबलं. कंत्राटी माणसांना निरोप गेला, बोलावू तेव्हा या. सोमवारी बॅग दाराशीच होती.

रकाना १०.

मंगळवारी पहाटे नळ आला. परब अंथरुणात जागे होते. बाहेर पाइप ओढल्याचा आवाज झाला. मग पाण्याचा. मग तोही थांबला. ते थापेची वाट पाहत राहिले.

उजाडल्यावर त्यांनी दार उघडलं. शेजारचं दार बंद होतं. पिंप काठोकाठ भरलेलं होतं आणि झाकण नीट लावलेलं.