भाजलेल्या सोड्याचा एक पेला

मित्रांनो, ज्याच्या शब्दावर घर चालतं त्यानंच घराला फसवलं, तर त्यानं तोंड कुठे लपवावं? मी एक जुना मोजपेला. मला तर झाकणसुद्धा नाही.

स्टीलच्या पत्र्यातून मला घडवलं. आत चार रेघा उमटवल्या. कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी माझ्यात काठोकाठ पाणी भरलं, ते काट्यावर तोललं आणि "हा बरोबर आहे" म्हणून मला डावीकडच्या खोक्यात ठेवलं. उजवीकडचे पेले पुन्हा भट्टीत गेले. त्या दिवसापासून मला थोडा गर्व चढला, हे कबूल करतो.

मी ज्या घरी आलो तिथे तिघी होत्या : आजी, त्यांची सूनबाई आणि शाळेत जाणारी नात. आजी एका कपड्यांच्या दुकानासाठी घरी बसून रफू करायच्या. त्यांनी कोट रफू केला, की भोक कुठे होतं ते खुद्द मालकालाही सापडत नसे. तांदूळ, दूध, पीठ, सगळं माझ्यातून जाई. शंका आली की सूनबाई म्हणत, "पेल्यानं मोजलंय ना? मग झालं!"

पुढे कपडे धुण्याची पावडर महागली आणि सूनबाईंनी ती घरीच करायचं ठरवलं. दोन पेले साबणाचा कीस, एक पेला धुण्याचा सोडा. माझी स्वयंपाकघरातून मोरीत बदली झाली. कपडे स्वच्छ निघत. फक्त सोड्याचे खडे ओलसर असल्यामुळे आठवड्याभरात डब्यात दगड तयार होई. तो बत्त्यानं फोडताना आजी म्हणत, "सूनबाई, कपडे धुवायचेत की घराचा पाया भरायचाय?"

सूनबाईंना ते लागलं. त्यांनी खडे जुन्या कढईत भाजले. खडे आपल्याच पाण्यात विरघळले, खदखदले आणि शेवटी पांढरी, मोकळी पूड उरली. अडीच पेले खडे कढईत गेले, बाहेर आला एक पेला. बाकीचा कढईला चिकटून वाया गेला असेल, असं सूनबाईंना वाटलं. त्यांनी मला रेघेपर्यंत भरलं आणि नेहमीसारखा एक पेला सोडा किसात ओतला.

मित्रांनो, माझी रेघ अगदी बरोबर होती. पण उडून गेलं होतं ते पाणी. सोडा सगळा जागच्या जागी होता, आता दुपटीहून जहाल. एक पेला म्हणजे एक पेला, एवढंच मला ठाऊक. आत काय आहे, हे मी कधी विचारलंच नाही.

कपडे आजी हातानं धुवायच्या. महिन्याभरात त्यांची बोटं कोरडी पडली, मग चिरली. रेशमाचा धागा भेगांत अडकू लागला. त्या पदराआड हात ठेवून जेवायला बसत. एक दिवस दुकानातून कोट परत आला. अस्तरावर रक्ताचा ठिपका होता. सोबत निरोप होता, की आता काम दुसरीकडे देतो.

"बघू हात," सूनबाई म्हणाल्या.

"काही नाही गं. वय झालं."

"आई, हात दाखवा!"

सूनबाईंनी ते हात आपल्या हातात घेऊन पाहिले. "तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू इतक्या हौसेनं करत होतीस. आधीच त्या दगडावरून तुला टोमणा मारला होता. पुन्हा कुठे नाट लावू?"

नात कढईकडे बघत होती. "आई, तू सोडा मोजतेस कधी? भाजायच्या आधी की नंतर?"

"नंतर. का?"

"अगं, त्या खड्यांत निम्म्याहून जास्त पाणीच असतं! आधी मोज, मग भाज."

सूनबाईंनी तो डबा मोरीत रिकामा केला आणि मला दोनदा विसळलं. त्यांची नजर माझ्या रेघांवर होती, आणि पहिल्यांदाच मला वाटलं, आपल्याला रेघा नसत्या तर बरं झालं असतं.

आता सूनबाई आधी मोजतात, मग भाजतात, आणि धुणंही स्वतःच करतात. आजींच्या भेगा भरल्या, पण दुकानाचं काम परत आलं नाही. त्या आता घरातलेच मोजे रफू करतात, तेही भोक सापडू नये इतके नेटके. ते मोजे दोरीवर वाळत असले, की माझ्याच्यानं वर बघवत नाही.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. किती घातलं ते जरूर मोजा, पण काय घातलं तेही विचारा. आणि घरात काही नवं करायला घेतलं, की ज्यांच्या हातून ते काम होतं त्यांचे हात दिवसातून एकदा आपल्या हातात घेऊन बघा. त्यांनी "काही नाही" म्हटलं, तरी बघा.