अजून मी कपड्यांवर आलेच नाही

अपंगत्व-अभ्यास केंद्रात एक रीत होती. बोलायला उठलेल्या माणसानं आधी स्वतःचं रूप शब्दांत सांगायचं, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांच्यापुढेही बोलणारा उभा राहावा. रीत सोन्यासारखी होती. माणसं मात्र माणसांसारखीच होती.

"मी मध्यम बांध्याचा," संचालक म्हणाले. "केस किंचित विरळ. चेहऱ्यावर, लोक म्हणतात, अभ्यासाचं तेज आहे."

"किंचित विरळ!" वकीलीणबाई मास्तरणीच्या कानाशी कुजबुजली. "अगं, माशी बसली तर घसरून पडेल."

"आणि तेज?"

"तेच ते. दिवा नेमका डोक्यावर आहे."

मास्तरीण जन्मापासून आंधळी. केंद्रात शिकवायची, आणि 'दृष्टिबाधित' म्हणणाऱ्याला म्हणायची, "एवढा लांब शब्द संपेपर्यंत मी खांबाला धडकेन, आंधळी म्हणा." वकीलीणबाई लहानपणापासून चाकाच्या खुर्चीत; अपंगांचे खटले लढवायची आणि बरेचसे नुसत्या आवाजावर जिंकायची. एकीला डोळे नाहीत, दुसरीला पाय नाहीत. जीभ देताना मात्र देवाचा हात सैल सुटला होता.

त्या सभागृहात आंधळी एकटी मास्तरीण. त्यामुळे ही सगळी रूपसंपदा तिच्या एकटीच्या पदरात पडत होती.

एरवी तिनं ती मजेनं झेलली असती. आज ती मनात आपलं म्हणणं घोकत होती. व्हरांड्याच्या टोकाला वाचनाची खोली होती; तिथं डोळस माणसं येऊन पुस्तकं मोठ्यानं वाचायची, ती ध्वनिमुद्रित व्हायची आणि आंधळी मुलं ती ऐकून परीक्षांना बसायची. ती खोली मोडून संचालकांना 'प्रेरणा दालन' करायचं होतं. भिंतभर अपंगांचे फोटो, खाली त्यांनी गाठलेली शिखरं. निर्णय आजच्या सभेत व्हायचा होता, आणि खोलीच्या बाजूनं बोलणारी एकटी मास्तरीण.

"तुझा फोटो लावणार आहेत म्हणे," ती वकीलीणबाईला म्हणाली.

"लावणार. उंच चौथऱ्यावर. वर जायला तीन पायऱ्या. मला स्वतःला बघायचं असेल तर दोघांनी उचलून न्यायचं. तुझा शेजारीच आहे."

"मला काय त्याचं! मी लांबूनच नाही बघणार."

तेवढ्यात खजिनदार कुरकुरले, "सर, वर्णनांतच वेळ चाललाय. बाराला सभागृह नाटकवाल्यांना द्यायचंय."

संचालक दुखावले. "आत्मवर्णन वेळेत धरायचं नाही. आणि कुणी ते मध्येच तोडायचंही नाही. तो माणसाचा सन्मान आहे."

टाळ्या पडल्या. सन्मान सुरू राहिला. इतिहासाच्या प्राध्यापकांनी चष्म्याची चौकट सांगितली, मग आधीच्या चष्म्याची. समुपदेशिकेनं ओढणीवरची फुलं एकेक करून खुडली. दालन हवंच, हे प्रत्येकानं शेवटी एका वाक्यात उरकलं.

मास्तरणीचं नाव पुकारलं तेव्हा दारापाशी नाटकवाले पडदे-बिडदे घेऊन उभे होते.

"बाई, तुमचं म्हणणं दोन मिनिटांत हं," संचालक गोड आवाजात म्हणाले.

"दोन मिनिटांत माझी शिंकसुद्धा पुरी होत नाही," वकीलीणबाई पुटपुटली आणि तिनं मैत्रिणीच्या दंडाला चिमटा काढला. "बये, आधी रूप सांग. सावकाश सांग."

मास्तरणीला कळायला चिमटा पुरला.

"म्हणणं दोन मिनिटांतच मांडते, सर," ती उठत म्हणाली. "पण आधी रीतीप्रमाणे आत्मवर्णन."

"अवश्य, अवश्य."

"मी कशी दिसते, मला ठाऊक नाही. आई म्हणायची, चांदणं पडल्यासारखी. बहीण म्हणायची, आई खोटं बोलते. तेव्हा तोंड राहू दे, कानांपासून धरते. मी सगळी कानांचीच आहे. आणि हे कान घडले व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत. भिंतीला अंड्यांचे पुठ्ठे, दाराला जुनी घोंगडी. वाचताना पंखा बंद, कारण तो घरघरतो. म्हणून त्या खोलीतल्या सगळ्या विद्येला घामाचा वास आहे.

"माझा डावा कान बसचालक काकांचा. निवृत्त झाल्यावर अर्थशास्त्र वाचायला यायचे. प्रत्येक पूर्णविरामाला ब्रेक लागायचा, मी पुढे झुकायचे. कायदा मला या वकीलीणबाईनं वाचून दाखवला. मधेमधे ती म्हणते, 'हा निकाल चूक आहे, पुढे.' तीन मुलांनी पेपरात तेही लिहिलं."

हशा पिकला. संचालक खाकरले. "बाई, हे खोलीचं वर्णन होतंय."

"माशाचं वर्णन करताना पाणी कसं गाळू, सर?"

"तोडू नका, सर," वकीलीणबाई गोडात म्हणाली. "सन्मान आहे."

संचालक बसले. नाटकवाल्यांनी पडदे खाली ठेवले आणि पडद्यांवर बसून घेतलं.

"माझा उजवा कान आईचा. तिला माझं समाजशास्त्र ओ की ठो कळायचं नाही. पण तिला चाल एकच येत होती, अंगाईची. त्याच चालीत तिनं अख्खं पुस्तक वाचलं." आणि मास्तरीण, कधी चारचौघांत न गायलेली, हळूच गाऊ लागली:

"समाजाचे गं सोने, दोन दोन प्रकार,
एक साधासुधा, एक गुंत्याचा फार.
गुंत्यामधी माणूस, माणसाला गाठ,
नीज माझ्या राजसे, उद्या करू पाठ."

कुणी हसलं नाही. समुपदेशिकेच्या नाकाचा आवाज मात्र आला.

"आता यंत्र वाचतं म्हणे पुस्तकं. वाचू दे. छान वाचतं, खोकत नाही, पाण्याचा घोटही घेत नाही. पण माझी आई मध्येच थांबायची आणि म्हणायची, 'थांब गं, पुन्हा वाचते. मलाच नाही कळलं.' सर, मला वाटायचं, डोळे असले की सगळं कळतंच. डोळसांनाही पहिल्या वाचनात कळत नाही, हे मला त्या खोलीत कळलं. त्या दिवसापासून मी मान ताठ ठेवून चालते. ही मान. वर्णनातच येते ती."

संचालकांनी घड्याळाकडे पाहिलं.

"संपलं?" त्यांनी विचारलं.

"छे हो. अजून मी कपड्यांवर आलेच नाही."

मग जो हशा उठला त्यात खजिनदारांची खुर्ची मोडली. केंद्रात मतं हात वर करून नव्हे, आवाजानं घ्यायची पद्धत. 'दालन हवं त्यांनी हो म्हणा' यावर एक 'हो' आला, संचालकांचाच, तोही अर्धाच. 'खोली राहावी' यावर छत हाललं.

"नाटकवाल्यांची मतं वजा करा," वकीलीणबाई ओरडली. "तरी पुरतात."

पुढच्या आठवड्यात मास्तरीण खोलीत ध्वनिमुद्रणाचं यंत्र लावत बसली होती. घोंगडी सरकली. बूट करकरले.

"बाई, मीही वाचीन म्हणतो. माझंच पुस्तक आणलंय."

"बसा, सर. पंखा बंद करते. आधी रीत."

संचालकांनी खुर्ची पुढे ओढली. "टक्कल आहे," ते म्हणाले. "पूर्ण. पोट आहे. तेजाचं मी बघून सांगतो."

"चालेल. वाचा."

त्यांनी पहिलं वाक्य वाचलं. ते लांबलचक होतं. एका श्वासात मावेना, दुसऱ्यात कलंडलं. कोपऱ्यात खुर्चीतून ऐकणाऱ्या वकीलीणबाईनं तोंडात पदर कोंबला. मास्तरीण मात्र मान पुढे करून, श्वास धरून ऐकत होती.

संचालक अडखळले, मागे गेले, पुन्हा अडखळले. कपाळावरचा घाम पानावर पडल्याचा टप्प आवाज आला.

"थांबा हं," ते हळूच म्हणाले. "पुन्हा वाचतो. मलाच नाही कळलं."

मास्तरणीनं यंत्र चालूच ठेवलं.