वळायला सोपं

काड्यापेटी टेबलाच्या कडेपर्यंत सरकत गेली, थांबली, आणि तिथेच जागच्या जागी फिरायला गेली तेव्हा तिचा एक कोपरा मेणकापडात अडकला. कापडाला सुरकुती पडली आणि ती चहाच्या कपापर्यंत आली.

"बघितलंस?" रघुवीर म्हणाले. "दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की असली की हे असं होतं. वळताना सगळं धूड ओढून फिरवायचं. सगळा भार खांद्यांवर. मनवाला नाही झेपायचं."

कालिंदीने तळहाताने सुरकुती सारखी केली. महिनाभर हे असंच चाललं होतं. आयुष्यभर फोर्टातल्या बँकेत खुर्चीवर बसलेला हा माणूस, ज्याने घरातला फ्यूज कधी स्वतः बदलला नाही, नळ गळला तर जो आधी तिला हाक मारी आणि मग प्लंबरला — तो आता सकाळी उठल्याबरोबर बर्फ उडवायच्या यंत्रांचे व्हिडिओ लावून बसे. ऑक्टोबरच्या उकाड्यात, डोक्यावर पंखा गरगरत असताना, बनियन पाठीला चिकटलेलं, आणि समोरच्या पडद्यावर जाड कोट घातलेली कुठली कुठली माणसं त्या लाल-पिवळ्या यंत्रांमागून चालतायत, पांढरा फवारा कमानीसारखा बाजूला पडतोय... गिरगावातल्या या सतराव्या मजल्यावर दिवसभर त्या इंजिनांची घरघर. तिने एकदाही आवाज कमी करा म्हटलं नव्हतं. कारण घरघर थांबली की जे उरायचं ते तिला माहीत होतं.

बर्फ दोघांनीही पाहिलेला नव्हता. मुलाकडे, राजसकडे, कॅनडात दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा उन्हाळ्यात. घरापुढे हिरवळ, गॅरेजपासून रस्त्यापर्यंत उतरता ड्राइव्हवे, त्याच्या तोंडाशी पत्रपेटी, नातवाची, नीलची, तीनचाकी. तिच्या डोळ्यांसमोर ते घर आजही हिरवंच होतं. आणि म्हणून जानेवारीतली ती सकाळ तिला नीट दिसतच नसे — हिरवळीवर पडलेला राजस दिसे, आणि मग ती स्वतःलाच दुरुस्त करी, नाही, बर्फ होता, सगळीकडे बर्फ होता. पालिकेची गाडी रस्ता साफ करून जाते आणि जाताना प्रत्येकाच्या दाराशी बर्फाचा बांध टाकून जाते. रात्रीत तो दगडासारखा होतो. तो फोडायला फावडं घेऊन राजस ऑफिसच्या आधी बाहेर गेला होता. मनवाला, त्याच्या बायकोला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाटलं, वाकून काहीतरी उचलतोय.

दोघांचा व्हिसा संपलेला. शेवटचं दर्शन लॅपटॉपवर. मधेच चित्र थिजलं होतं, आणि कुणीतरी — मीच का ती? — पडद्याला हात लावला होता.

"हलकी यंत्रं आहेत, बॅटरीवरची," रघुवीर सांगत होते. "पण ती बांधाशी हरतात. बांध फोडायचा तर वजनदारच हवं. आणि वजनदार हवं तर ते वळायला सोपं हवं. मुठींखाली दोन कळा असतात. डावी दाबली की डावं चाक सुटतं, यंत्र आपोआप डावीकडे वळतं. असं म्हणतात. पण म्हणणं वेगळं." त्यांनी काड्यापेटी खिशात टाकली. "नागदेवीला जाऊन येऊ. शेतीची छोटी यंत्रं असतात तिथे, मागून चालत न्यायची. पद्धत तीच. तू चालवून बघ."

"मी?"

"तुझी उंची आणि मनवाची सारखी. तिचा उजवा खांदा धरतो, तुझाही धरतो. संध्याकाळी ती दुकानात जाणार आहे, तिथली सकाळ असेल तेव्हा. तिला काहीतरी नक्की सांगता आलं पाहिजे."

बांध, ते म्हणत. यंत्र म्हणत. मनवाचा खांदा म्हणत. राजस हे नाव त्यांनी जानेवारीनंतर घेतलं नव्हतं.

टॅक्सी काळबादेवीत रुतली. दोन्ही बाजूंना आकाशकंदील टांगलेले, आणि दोघंही सरळ समोर, ड्रायव्हरच्या मानेकडे बघत बसले. जुलैत मनवा आली होती, नीलला घेऊन, अस्थी घेऊन. नाशिकला जाऊन आले. कालिंदीने आतली खोली रिकामी करून ठेवली होती, कपाटाचे दोन कप्पे, नीलसाठी टेबल. बोलली नव्हती काही, पण न बोलता माणूस जेवढं बोलू शकतं तेवढं सगळं बोलली होती. शाळांची चौकशी करून ठेवली होती. मनवा त्या टेबलाशी बसून रात्री लॅपटॉपवर काम करायची आणि कप्पे रिकामेच ठेवून कपडे बॅगेतून काढायची. आणि एकदा जेवताना नीलने डब्यातल्या आमरसात बुडालेलं बोट चाटत विचारलं होतं, "आजी, आपण घरी कधी जायचं?" तो आठ वर्षांचा मुलगा. 'आपण' म्हणाला होता, तिलाही त्यात धरून... म्हणून तर जास्त लागलं.

गेले दोघं. पण हिवाळा यायचा होता. कालिंदीने हे कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा पुरतं नाही — की ती हिवाळ्याची वाट बघत होती. एकटी बाई, लहान मूल, दाराशी दगडासारखा बांध. एक हिवाळा काढेल, कंटाळेल, परत येईल. आणि हा माणूस बसलाय यंत्रं शोधत.

नागदेवीच्या त्या अरुंद गल्लीत पंप, साखळ्या, दोरखंड आणि हातगाड्यांच्या गर्दीत दुकान सापडलं. दुकानदार तरुण होता. "कुठली शेती, काका? कोकणात का?"

"शेती नाही," रघुवीर म्हणाले. "सून आहे कॅनडात. तिला बर्फ काढायला असं यंत्र घ्यायचंय. चालवायचा अंदाज हवाय फक्त. विकत नाही घेणार आम्ही, आधीच सांगतो."

दुकानदाराने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा कालिंदीच्या साडीकडे पाहिलं. मग हसला नाही, हे त्याचं चांगलं. "आंटी चालवणार? चालवा ना. थोडं पेट्रोल आहे आत." पात्यांऐवजी रबरी चाकं लावलेलं एक यंत्र त्याने दाराबाहेर काढलं, समोरच्या हमालाला हातगाडी मागे घ्यायला लावली आणि दोरी ओढली.

इंजिनची थरथर मनगटातून कोपरात, कोपरातून त्या दुखऱ्या खांद्यात शिरली. पदर कमरेला खोचून ती उभी होती, आणि यंत्र चालू लागलं — तिने ढकललं नाही, ते आपणहून निघालं, तिला फक्त मागून जायचं होतं. चार दुकानं ओलांडली. "आता डावी कळ," रघुवीर शेजारून चालत म्हणाले, "हळू दाब." तिने मुठीखाली बोटं आवळली, आणि ते सगळं लोखंड, तो सगळा आवाज, हाक मारल्यावर माणूस मान वळवतं इतक्या सहज तिच्या हाताखाली वळला. खांद्याला कळलंसुद्धा नाही. ती पुन्हा दुकानाच्या दिशेने तोंड करून उभी होती.

कुठे वळेल मनवा? ड्राइव्हवे उतरत जाणार, तोंडाशी बांध, बांध फोडून झाला की रस्ता... म्हणजे तिथेच. पत्रपेटीपाशी. दर वेळी बर्फ पडला की ती यंत्र घेऊन दारातून निघेल आणि चालत चालत नेमकी त्या जागेवर येईल आणि तिथेच कळ दाबेल. माझं माणूस जिथे पडलं तिथून ती चाकं जातील — अख्खा हिवाळा, मग पुढचा हिवाळा, नील मोठा होईल, तोही त्या जागेवरून... आणि यंत्र चांगलं असेल, सोपं असेल, तर का येईल ती परत?

"कसं वाटलं?" इंजिन बंद झाल्यावर रघुवीरांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता, आणि परीक्षेचा निकाल विचारताना मुलाच्या बापाच्या चेहऱ्यावर असते तशी काहीतरी आशा.

"जड आहे," ती म्हणाली. "वळताना ओढतं. मनवाला नाही जमायचं."

ते यंत्राकडे बघत राहिले. "पण वळलं तर पटकन..."

"तुम्हाला बाहेरून काय कळणार?"

दुकानदाराने वाकून डावी कळ एकदा दाबून बघितली. रघुवीरांनी त्याचे आभार मानले, चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. परतीच्या टॅक्सीत ते खिडकीबाहेर बघत होते. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, तरी तिला त्यांची मांडीवरची बोटं दिसत होती, रिकामी, एकमेकांना धरून बसलेली. केवढा म्हातारा झाला हा माणूस, तिला वाटलं, आणि आपण हे आत्ता केलं त्याला. धोबीतलावच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते बोलले, खिडकीकडे तोंड ठेवूनच.

"हलकं घेतलं तर बांधापाशी अडून बसेल ती. जड घेतलं तर वळताना अडेल. दोन्हीकडून तेच." सिग्नल सुटला. "तिथे तिला फार वेळ उभं राहायला लागू नये, एवढंच होतं माझं. राजस पडला तिथे. झटकन वळावं आणि घराकडे निघावं."

कालिंदीने हँडबॅग मांडीवर घट्ट धरली. म्हणजे यांना माहीत होतं. इतके दिवस त्या घरघरीत बसून हा माणूस तीच जागा बघत होता, तेच वळण, आणि मला वाटलं की हा विसरायला बसलाय... आपण एकाच खोलीत दोन बाजूंना तोंड करून एकाच जागेकडे बघत होतो. तिला त्यांच्या हातावर हात ठेवावासा वाटला. पण त्या हाताने खोटं सांगितलं होतं. तो तसाच बॅगेवर राहिला.

संध्याकाळी मनवाचा फोन आला. मागे दुकानातले उंच रॅक, पांढरा उजेड. मनवाने केस कापले होते, हे कालिंदीला पहिल्यांदाच दिसत होतं. कपाळ मोठं वाटत होतं. नील मधेच डोकावून "आजी, हे बघ" म्हणाला आणि कॅमेरा एका लाल यंत्रावर गेला, वर मुठी, मुठींखाली दोन कळा.

"आई, बाबांनी मेसेज केला होता की तुम्ही चालवून बघणार आहात," मनवा म्हणाली. "खरंच बघितलंत?"

"बघितलं."

"मग तुम्हीच सांगा. इथे सेल्समन म्हणतो सोपं आहे, पण तो सहा फूट आहे." ती किंचित हसली. मग कॅमेऱ्यापासून नजर बाजूला गेली, नील कुठे आहे ते तिने पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "आई, मला भीती वाटते. खरंच जमणार नसेल तर सांगा. मग मला वेगळा विचार करावा लागेल. तिकडे यायचा वगैरे. मी एकटीने हे ओढत बसले आणि मलाच काही झालं तर नीलचं काय?"

रघुवीर शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते. दुपारी तिने सांगितलं ते त्यांनी पूर्ण मानलं होतं, आता ते फक्त ऐकणार होते. समोर आतल्या खोलीचं दार उघडं होतं, टेबलाचा कोपरा दिसत होता. एक वाक्य. तेच वाक्य, जे दुपारी तिने इतक्या सहज उच्चारलं होतं. या वेळी तर कुणी शंकाही घेणार नव्हतं. नील मागे त्या यंत्राच्या मुठी धरून तोंडाने इंजिनचा आवाज काढत होता.

"जमेल तुला," कालिंदी म्हणाली.

रघुवीरांनी मान वर केली.

"ढकलायचं नसतं, मनवा. ते आपणहून जातं, तू नुसतं मागून चालायचं. वळायच्या जागी आलीस की कळ दाब, दोन बोटं पुरतात. खांद्याला काही होत नाही. आणि वळलीस की..." तिची नजर आतल्या खोलीच्या दारावरून पुन्हा पडद्यावर आली. "वळलीस की घराकडे बघ. मागे बघू नकोस."

मनवाने ओठ मिटून मान हलवली, बराच वेळ हलवत राहिली. मग कॅमेऱ्यासमोर दुकानाचं छत आलं, नीलचा आवाज, आणि फोन बंद झाला.

रघुवीर उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि कुकरचं झाकण शोधतायत असा आवाज येत राहिला. कालिंदी गॅलरीत जाऊन उभी राहिली. खाली कुणीतरी फटाक्यांची चाचणी घेतल्यासारखा एकच बार काढला, मग गप्प. तिने डोळे मिटले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला ते घर पांढरं दिसलं — हिरवळ नाही, सगळं पांढरं, आणि मनवा यंत्रामागून चालत येतेय, पत्रपेटीपाशी आली, वळली, घराच्या दिशेने निघाली, खिडकीत नील. तिने पुन्हा पत्रपेटीपाशी पाहिलं. तिथे चाकांच्या खुणा होत्या, बाकी काही नव्हतं. राजस कुठे गेला? आत्तापर्यंत तो तिथेच असायचा, मिटल्या डोळ्यांसमोर, चुकीच्या हिरवळीवर का होईना, पण असायचा... ती तशीच कठडा धरून उभी राहिली, डोळे न उघडता, त्या साफ झालेल्या जागेवर त्याला शोधत. आणि आतून कुकरच्या झाकणाचा आवाज थांबला, आणि रघुवीरांनी तिला हाक मारली, तरी तिला वळता येईना.